न फळणारे झाड तोडण्यापूर्वी : ॲव्होकॅडोसंबंधी एक पाठ

सुटीत मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून अलीकडे एक नवे फळ खेड्यात येऊ लागले आहे. हिरवे किंवा काळपट जांभळे, पेरूहून लांबट, आत लोण्यासारखा मऊ गर आणि मध्यभागी सुपारीहून बरीच मोठी अशी एकच गुळगुळीत बी. फळ खाऊन संपते. त्याची चव बहुतेकांना फिकीच वाटते. बी मात्र मुलांच्या हाती लागते. पाण्याने भरलेल्या पेल्यावर काड्यांच्या आधाराने ती ठेवली जाते, महिना-दीड महिन्याने दुभंगते, आणि एके दिवशी तिचा कोंब शाळेत येतो. ‘गुरुजी, हे आपल्या शाळेत लावू या?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा शिक्षक विरळाच. परसबागेच्या एका कोपऱ्यात खड्डा घेतला जातो, आळे केले जाते, आणि पाणी घालण्याच्या पाळ्या लागतात.

पुढे काय घडते ते मात्र दुःखद आहे. बहुतेक रोपे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मरतात. जे एखादे जगते ते दहा-बारा हात उंच होते, पानांनी गच्च भरते आणि फळ म्हणून धरत नाही. जिने बी आणली ती मुलगी शाळा सोडून जाते. ज्यांनी खड्डा घेतला त्या गुरुजींची बदली होते. मागाहून येणाऱ्यांच्या दृष्टीने ते केवळ जागा अडविणारे झाड ठरते. कोणीतरी त्यास ‘वांझ’ म्हणतो, आणि वर्गावर काळोख पडतो, कौलांवर पाला साचतो असे एखादे निमित्त होऊन कुऱ्हाड चालते. ‘वांझ’ हा शब्द वर्गात येऊ न देणेच इष्ट. झाडाविषयी तो सहज उच्चारणारी मुले पुढे माणसांविषयीही तितक्याच सहजपणे उच्चारतात. शिवाय या झाडाच्या बाबतीत तो बहुधा खोटाही असतो. फळ का येत नाही याची कारणे बहुतेक वेळा सांगता येतात आणि त्यांपैकी काहींवर उपायही असतो. ती कारणे पाचवी ते सातवीच्या मुलांना समजतील अशा रीतीने कशी मांडावी, याचे विवेचन येथे केले आहे.

पाठाचा आरंभ स्वयंपाकघरातून करावा. मुलांना घरून तमालपत्राचे एक पान आणि दालचिनीचा एक तुकडा आणावयास सांगावे. ही दोन्ही ज्या कुळातील झाडांपासून मिळतात त्याच कुळात ॲव्होकॅडो मोडतो. कापराचे झाडही त्याच कुळातले. ॲव्होकॅडोच्या मेक्सिकन प्रकाराचे पान चुरगाळले असता त्याला बडीशेपेसारखा वास येतो. नकाशावर मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेचा मध्य अमेरिकेचा चिंचोळा भाग दाखवावा. या फळाचे मूळस्थान तेच. मेक्सिकोतील तेहुआकान खोऱ्यातील गुहांत या फळाचे जे अवशेष सापडले ते कित्येक हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तेथील नाहुआत्ल भाषेत त्यास ‘आहुआकात्ल’ म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्याचे ‘आग्वाकाते’ केले आणि त्यावरूनच पुढे इंग्रजी नाव निघाले. भारतात ते विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात दक्षिणेत आले. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत, तामिळनाडूच्या डोंगराळ भागात, केरळात आणि तिकडे सिक्कीममध्ये त्याची झाडे आहेत. कन्नडमध्ये त्यास ‘बेण्णे हण्णु’, म्हणजे लोण्याचे फळ, असे म्हणतात. हे नाव यथार्थ आहे, कारण या फळात साखर फार थोडी व तेल भरपूर असते. मुलांना ते फिके का लागते त्याचे उत्तर यातच आहे. आंब्याची अपेक्षा ठेवून कोणी ते खाऊ नये. ‘परदेशी झाड कशाला?’ असे विचारणारा कोणी भेटलाच तर मिरची, पेरू, पपई, सीताफळ व भुईमूग ही सर्व अमेरिकेतूनच आली, एवढी आठवण पुरेशी आहे.

बी रुजविण्याचा भाग सोपा आहे, म्हणून त्यावर फार वेळ खर्च करू नये. बी ताजी असावी. फळातून काढल्यावर ती वाळू दिल्यास तिची रुजण्याची शक्ती दोन-तीन आठवड्यांतच घटते. ती स्वच्छ धुवावी. रुंद, सपाट टोक खाली व निमुळते टोक वर असे ठेवावे. खराट्याच्या तीन काड्या खुपसून पेल्याच्या काठावर ती टेकवावी व तिचा तळ पाण्यात बुडलेला राहील असे पाहावे. किंवा सरळ वाळू व शेणखत मिसळलेल्या मातीत तिचे टोक वर राहील इतकी पुरावी. पेल्याची रीत मुलांना मूळ दिसावे म्हणून चांगली. रोपासाठी मातीच बरी. पहिले मूळ दिसल्याचा दिवस, कोंब दिसल्याचा दिवस, दर आठवड्याची उंची, हे सारे वहीत लिहवून घ्यावे व त्यावरून आलेख काढवावा. एवढ्याने गणिताचा एक तास भागतो.

खरा प्रश्न येथून सुरू होतो. बीपासून झालेले झाड कोणते? ज्या फळातून बी निघाली त्या फळाच्या झाडासारखे ते होईल काय? हा प्रश्न ॲव्होकॅडोविषयी न विचारता आंब्याविषयी विचारावा, म्हणजे खेड्यातील मुले स्वतःच उत्तर देतील. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही; येतो तो रायवळ. तो गोड निघेल, आंबट निघेल, दोऱ्यांनी भरलेला निघेल; आणि निघेल तोही कित्येक वर्षांनी. हापूस हवा तर हापूसचीच काडी घेऊन कलम बांधावे लागते. ॲव्होकॅडोचे अगदी असेच आहे. बीत आई आणि बाप दोघांचे गुण मिसळलेले असतात, म्हणून प्रत्येक बी नवे झाड जन्माला घालते. अशा झाडाला पहिले फळ यावयास पाच वर्षे लागतात, कधी दहा लागतात, कधी त्याहूनही अधिक. कलमी झाड मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागते, कारण त्यावर बांधलेली काडी ही मुळात वयात आलेल्या झाडाची असते. तेव्हा सहा वर्षांचे बीचे झाड फळत नाही म्हणून त्याला दोष देणे हे सहा वर्षांच्या मुलाला मिशी नाही म्हणून दोष देण्यासारखे आहे. हा दाखला वर्गात द्यावा. मुले हसतात आणि मुद्दा विसरत नाहीत.

याच ठिकाणी एका पोस्टमनची हकीकत सांगावी. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात रुडॉल्फ हॅस नावाचे एक गृहस्थ टपालवाटपाचे काम करीत असत. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी ला हाब्रा हाइट्स या गावी लहानशी बाग केली. बियांपासून रोपे करावयाची आणि त्यांवर त्या काळी नावाजलेल्या ‘फ्युएर्ते’ जातीच्या काड्यांची कलमे बांधावयाची, असा त्यांचा बेत होता. बहुतेक रोपांवर कलमे लागली. एका रोपावर मात्र काही केल्या लागेना. हॅस त्या रोपास काढून टाकावयास निघाले होते. परंतु कलमे बांधणाऱ्या माणसाने सांगितले की रोप जोमदार आहे, राहू द्यावे. ते राहिले. पुढे त्यास जी फळे आली ती फ्युएर्तेसारखी हिरवी व गुळगुळीत नव्हती. ती खरखरीत सालीची होती आणि पिकताना काळी पडत. हॅस यांच्या मुलांना मात्र तीच अधिक आवडली असे सांगतात. १९३५ साली हॅस यांनी त्या झाडाचे पेटंट घेतले. जगाच्या बाजारात आज सर्वाधिक विकला जाणारा ॲव्होकॅडो म्हणजे हाच ‘हॅस’ होय, आणि त्याचे प्रत्येक झाड त्या एका रोपाच्या काडीपासून, काडीच्या काडीपासून, कलमाने आलेले आहे. पेटंटापासून हॅस यांना फारसे काही मिळाले नाही. लोक एक रोप विकत घेत आणि त्याच्याच काड्यांवरून सारी बाग करीत. १९५२ साली ते वारले. मूळ झाड त्यांच्यामागे पन्नास वर्षे उभे होते; ते २००२ साली मुळे कुजण्याच्या रोगाने गेले. त्या रोगाचा विचार पुढे येईल.

या हकीकतीवरून प्रत्येक बीच्या झाडाला हॅससारखे फळ येईल अशी समजूत मात्र मुलांची होऊ देऊ नये. लक्षावधी बियांत एखादी अशी निघते. निव्वळ फळ हवे असेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून कलम आणावे हे उत्तम. बीचे रोप शाळेत लावावयाचे ते शिकण्यासाठी, आणि पुढे त्यावर कलम बांधता यावे म्हणून.

समजा, झाड वयात आले. थंडी ओसरू लागताच फांद्यांच्या टोकांना हिरवट पिवळ्या फुलांचे घोस आले. एका मोठ्या झाडावर लाखो फुले येतात. तरीही फळ नाही. असे झाले की गावात पहिला तर्क असा निघतो की झाड पपईसारखे ‘नर’ असावे. हा तर्क चूक आहे; पण तो मूर्खपणाचा नाही, आणि शिक्षकाने त्याचे स्वागतच करावे, कारण तो करणाऱ्याने पपई नीट पाहिलेली असते. पपईत नराचे झाड वेगळे व मादीचे वेगळे असू शकते. ॲव्होकॅडोत तसे नाही. त्याच्या प्रत्येक फुलात स्त्रीकेसरही असतो आणि पुंकेसरही असतात. मग अडते कोठे? अडते ते वेळेत.

ॲव्होकॅडोचे फूल दोनदा उमलते. पहिल्यांदा उमलते तेव्हा ते केवळ मादी असते. मधला स्त्रीकेसर ताठ उभा असतो व त्याचे टोक परागकण स्वीकारण्यास सज्ज असते. भोवतीचे नऊ पुंकेसर बाहेरच्या बाजूस पाकळ्यांवर आडवे पडलेले असतात व त्यांतून पराग सुटत नाहीत. काही तासांनी फूल मिटते. दुसऱ्या दिवशी तेच फूल पुन्हा उमलते, पण आता ते नर असते. पुंकेसर उभे राहिलेले असतात, त्यांच्या परागकोशांवरील इवल्या झडपा वर उघडून पराग बाहेर आलेला असतो, आणि स्त्रीकेसराची स्वीकारण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. यानंतर फूल मिटते ते कायमचे. एका झाडावरील सारी फुले जवळजवळ एकाच वेळी ही पावले टाकतात. म्हणजे सबंध झाड काही तास मादी आणि काही तास नर असते.

यातही झाडांचे दोन गट आहेत. ‘अ’ गटातील झाडाचे फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी म्हणून उमलते, दुपारच्या सुमारास मिटते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर म्हणून उमलते. ‘ब’ गटाचे उलट. त्याचे फूल पहिल्या दिवशी दुपारनंतर मादी म्हणून उमलते, सायंकाळी मिटते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर म्हणून उमलते. हॅस ‘अ’ गटातला, फ्युएर्ते ‘ब’ गटातला. या चमत्कारिक वागणुकीकडे अभ्यासकांचे लक्ष गेले त्यास आता शंभर वर्षे होऊन गेली. १९२२ साली बी. एस. निरोडी यांचा फ्लॉरिडातील निरीक्षणांवर आधारलेला लेख प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर लगेच १९२३ साली ए. बी. स्टाउट यांनी कॅलिफोर्नियात हा क्रम तपशिलाने तपासला. त्यासाठी त्यांना मुख्यत्वे लागले ते घड्याळ, आणि फुलांजवळ दिवसभर उभे राहण्याची चिकाटी.

फळ्यावर लिहून हा भाग मुलांच्या गळी उतरत नाही. तो करून दाखवावा लागतो. वर्गाच्या दोन रांगा कराव्यात, एक ‘अ’ झाडाची व एक ‘ब’ झाडाची. प्रत्येक मुलाच्या हाती पुठ्ठ्याचे एक फूल द्यावे, एका बाजूस तांबड्या खडूने ‘मादी’ व दुसऱ्या बाजूस पिवळ्या खडूने ‘नर’ असे लिहिलेले. प्रत्येक रांगेतील निम्मी मुले आज प्रथमच उमलणारी फुले, व निम्मी काल उमलून गेलेली. आता शिक्षकाने ‘सकाळचे नऊ’ असे म्हणावे. ‘अ’ रांगेतील आजची फुले तांबडी बाजू दाखवितात. ‘ब’ रांगेतील कालची फुले पिवळी दाखवितात. बाकी सर्वांचे हात खाली. मग ‘दुपारचे तीन’. आता ‘अ’ रांगेतील कालची फुले पिवळी दाखवितात व ‘ब’ रांगेतील आजची तांबडी. दोन-तीन दिवस असे फिरविल्यावर मधमाशी म्हणून एका मुलास रांगांमधून पिवळ्याकडून तांबड्याकडे जावयास सांगावे. त्यानंतर ‘ब’ रांगेस खाली बसवावे आणि पुन्हा घड्याळ फिरवावे. मधमाशी ‘अ’ रांगेतच घिरट्या घालते. जेव्हा तांबडे असते तेव्हा पिवळे नाही, आणि पिवळे असते तेव्हा तांबडे नाही. एकटे झाड का फळत नाही हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा ते आपण होऊनच ओरडून सांगतो.

अर्थात निसर्गाचे घड्याळ पुठ्ठ्याच्या फुलांइतके काटेकोर नाही. हवा थंड असली म्हणजे फुले उशिरा उमलतात व उशिरा मिटतात, क्रम ढळतो, आणि एकाच झाडावर काही मादी व काही नर फुले एकाच वेळी उघडी सापडतात. म्हणून एकट्या झाडालाही काही ठिकाणी फळे येतात. परंतु तो योगायोग; त्यावर विसंबून राहू नये. आणि जोडीला दुसरे झाड असले तरी पराग नेणारे कोणी हवे. सातेरी मधमाशी व इतर लहान माश्या हे काम करतात. मोहोराच्या दिवसांत बागेवर विषारी फवारणी झाली तर सारा खटाटोप फुकट जातो.

ज्या शाळेत ॲव्होकॅडोचे झाड नाही तिने हा पाठ सोडून द्यावा काय? मुळीच नाही. सीताफळाचे फूल याच रीतीने वागते, आणि सीताफळ कोणत्या गावात नाही? त्याचेही फूल आधी मादी व मागाहून नर होते. उन्हाळ्याच्या शेवटी व पावसाच्या आरंभी मुलांना झाडाखाली न्यावे. जाड पाकळ्या किंचितच विलग झालेल्या फुलात मधला उंचवटा चिकट व ओलसर दिसतो. ती मादीची अवस्था. पाकळ्या चांगल्या फाकलेल्या फुलात त्या उंचवट्याच्या पायथ्याचे पुंकेसर सुटे होऊन पराग गळू लागलेला असतो. ती नराची अवस्था. मऊ कुंचल्याने दुसऱ्या फुलातील पराग पहिल्या फुलाच्या ओलसर भागावर लावावा व त्या फुलास रंगीत दोरा बांधावा. काही बागाईतदार असे परागीकरण हाताने करतात. दोरा बांधलेल्या किती फुलांची फळे झाली आणि न बांधलेल्या तितक्याच फुलांपैकी किती फळली, हे मुलांनी स्वतः मोजावे.

एकट्या झाडाला जोडीदार मिळवून देण्याचा उपाय म्हणजे दुसऱ्या गटातील झाड जवळ लावणे, किंवा जागा नसल्यास त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या गटातील काडीचे कलम बांधणे. बीच्या झाडाचा गट आधी ठाऊक नसतो. तो फुले आल्यावर घड्याळ घेऊनच ओळखावा लागतो, आणि मुलांना देण्याजोगे याहून चांगले काम नाही. लहान रोपावर पाचर कलम साधते. रोप पेन्सिलीइतके जाड झाले की त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यावी, फळणाऱ्या झाडाच्या टपोऱ्या डोळ्यांच्या काडीस दोन्ही बाजूंनी तासून पाचरेचा आकार द्यावा, ती चिरेत साल सालीस भिडेल अशी बसवावी, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी, व काडी सुकू नये म्हणून वरून पिशवी चढवून सावलीत ठेवावे. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी जवळच्या रोपवाटिकेतील कलमे बांधणाऱ्या माणसास शाळेत बोलवावे. मुलांपुढे त्याने एक कलम बांधले तर ते पुस्तकाच्या चार पानांच्या तोडीचे होते.

आता मुळांविषयी, कारण फळापर्यंत पोहोचण्याआधीच मरणारी बहुतेक झाडे मुळांमुळे मरतात, आणि तीही हयगयीने नव्हे, मायेने. ॲव्होकॅडोची अन्न शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच पसरतात. त्यांना ओलावा हवा असतो आणि हवाही हवी असते. आळे करून त्यात घागरी ओतण्याची जी सवय नारळ-केळीमुळे हातास लागलेली असते ती येथे घातक ठरते. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरतात आणि फायटोफ्थोरा या सूक्ष्म रोगजंतूस आयतेच रान मिळते. मुळे कुजतात, पाने मलूल होऊन लोंबू लागतात. मुलांना वाटते झाड तहानले, आणि ती आणखी पाणी घालतात. हॅसचे मूळ झाड गेले ते याच रोगाने. म्हणून पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत खुपसून पाहण्याची शिस्त लावावी. माती ओली लागली तर घागर परत न्यावी. काळ्या भारी जमिनीत खड्डा न घेता हात-दीड हात उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. निचऱ्याची, उताराची, मुरमाड तांबडी जमीन त्याला मानवते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चांगला वीतभर थर द्यावा, मात्र तो बुंध्यास टेकू देऊ नये. आणि त्या थराखाली कुदळ कधीही चालवू नये. विहिरीचे पाणी खारट असल्यास पानांची टोके करपतात. असे पाणी टाळावे.

उन्हाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. कोवळ्या रोपाची साल उन्हाने भाजते. तीवर चुन्याचा पातळ हात द्यावा व पहिले दोन उन्हाळे सावली करावी. मोहोराच्या व बारीक फळांच्या वेळी कोरडा तापलेला वारा सुटला की सारे गळून पडते. सह्याद्रीच्या माथ्यावरील व त्यालगतच्या गावांना हे झाड त्यामानाने सोपे जाईल. अलीकडे महाराष्ट्राच्या इतर भागांतही काही शेतकऱ्यांनी कलमांची लागवड केली आहे हे खरे. परंतु जेथे वैशाखात पिण्याचे पाणी टँकरने येते तेथील शाळेने या झाडाचा हट्ट धरू नये. तेथे सीताफळच लावावे. ते पाठालाही उपयोगी पडते आणि पोटालाही. कुंडीत किंवा डब्यात ठेवलेल्या रोपापासून फळाची आशा धरणेही व्यर्थ होय; ते शोभेचे झाड म्हणून राहील. बुंध्यात खिळे ठोकून वा साल सोलून झाडास ‘फळावयास लावण्याचे’ प्रकार शाळेच्या आवारात कोणासही करू देऊ नयेत.

एक धोका मात्र प्रत्येक शिक्षकाने, झाड लावण्याच्या आधीच, पालकांच्या कानी घातला पाहिजे. ॲव्होकॅडोच्या पानांत व सालीत जनावरांना विषारी असे एक द्रव्य असते. दुभत्या शेळीने वा गाईने त्याचा पाला खाल्ला तर तिची कास सुजते व दूध आटते. पाला अधिक खाण्यात आला तर हृदयाच्या स्नायूंना इजा होऊन जनावर दगावू शकते. पाळीव पोपटांसारख्या पक्ष्यांना तर गरही घातक असतो. शाळेच्या आवारात शेळ्या येतात हे वास्तव आहे. तेव्हा काटेरी झापांचे वा जाळीचे कुंपण आधी, रोप मागाहून. छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नयेत. त्या खड्ड्यात पुराव्यात. चाऱ्याच्या टंचाईत हिरवा पाला दिसला की कोणीही तो तोडून नेतो, आणि ज्याच्या घरी एकच शेळी आहे त्याचे नुकसान शाळेला भरून देता येत नाही.

लाखो फुलांतून हजारी एखादेच फळ टिकते, म्हणून सुरुवातीची गळ पाहून घाबरू नये. टिकलेली फळे झाडावर असतात तोवर मऊ होत नाहीत. ही या फळाची आणखी एक खोड. मुले रोज दाबून पाहतात आणि फळ दगडासारखेच लागते. ते उतरविल्यावरच पिकते. उतरविण्याची वेळ झाली की नाही हे पाहण्यासाठी एक फळ तोडून चिरावे. बीवरचे पातळ आवरण पांढुरके असेल तर थांबावे. ते तपकिरी झाले असेल तर फळे तयार झाली. कोवळी काढलेली फळे सुरकुततात आणि चामट होतात. तयार फळांची आंब्याप्रमाणेच गवतात आढी घालावी. पाच ते दहा दिवसांत ती मऊ होतात, सोबत पिकलेले केळे ठेवल्यास थोडी लवकर. चिरलेला गर हवेने काळवंडतो, त्यावर लिंबू पिळावे. मीठ, मिरची आणि लिंबू घालून तो भाकरीबरोबर खावयास दिला तर फिकेपणाची तक्रार बरीच कमी होते.

शेवटी नोंदवहीविषयी. बी लावणाऱ्या शिक्षकाच्या कारकिर्दीतच फळ येईल असे सहसा घडत नाही. म्हणून झाडाची एक स्वतंत्र वही करावी आणि ती मुख्याध्यापकांच्या कपाटात हजेरीपत्रकांबरोबर ठेवावी. बी कोठून आली, कोणत्या दिवशी रुजली, रोप जमिनीत कधी लावले, कलम बांधले असल्यास कोणत्या जातीचे व कोणत्या फांदीवर, पहिला मोहोर कोणत्या महिन्यात आला, सकाळी नऊ वाजता फुले कोणत्या अवस्थेत होती व दुपारी तीन वाजता कोणत्या, त्या दिवशी हवा थंड होती की उष्ण, किती फळे धरली व किती गळली, एवढे तीत असावे. मजकूर दरवर्षी सातवीच्या मुलांनी लिहावा व खाली शिक्षकाची सही असावी. बदलीच्या वेळी कार्यभार देताना इतर दफ्तराबरोबर ही वहीही नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी, आणि त्यांना झाडाजवळ नेऊन कलम बांधलेली फांदी बोटाने दाखवावी.